बोट ठेव, कुठं दुखते?

आमच्याकडं पहाटे चार-सव्वाचारला रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात, एक दूधवाले आणि दुसरे भरतीवाले. यवतमाळ-दारव्हा रोडच्या काठानं अंधारात मोबाईलचे टॉर्च हलताना दिसले की समजायचं पोट्टे निघाले. पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती व्हॉट्सॲपवर अफवा आली तरी ही गर्दी दुप्पट होते, आणि जाहिरात खरंच निघाली तर मग विचारूच नका, ज्यांनी वर्षभर चप्पल सोडून बूट घातला नाही तेही सहा किलोमीटर मारून येतात. त्या गर्दीचा मी सर. सर म्हणजे पगारी वगैरे काही नाही, दिवसा मी माझ्या कृषी केंद्रात बसतो, खत-बियाणं विकतो, सकाळ-संध्याकाळ झेडपी शाळेच्या ग्राउंडवर पोट्टे पळवतो आणि कबड्डीची एक टीम सांभाळतो. अकरा वर्षं झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं असतं. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, त्यासोबत १०० मीटर आणि गोळाफेक. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर पूर्ण २० मार्क, पोरींनी आठशे २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं तर २०. काही सेकंदांवर दोन-दोन मार्क जातात आणि मेरिट लिस्ट एकेका मार्कावर अडते. त्यामुळं काय होतं की प्रत्येक जण रोज परीक्षाच देतो. रोज सोळाशे टायमिंग लावून. रोज. मीही लावायचो, हातात स्टॉपवॉच घेऊन, आणि त्यात मला फार मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

आता त्या पोरीची गोष्ट सांगतो. वैष्णवी म्हणू, नाव बदललं आहे. घरी तीन एकर कोरडवाहू, बाप माझ्याच दुकानातून उधारीवर खत नेणारा, पोरगी बीए दुसऱ्या वर्षाला. पहिल्या दिवशी आठशे मारायला तिला चार मिनिटांच्या वर लागले होते आणि दिवाळीच्या आधी ती तीन मिनिटांवर आली होती. असं पोट्टं हाताशी लागलं की कोचचं डोकं फिरतं, हे मी आधीच कबूल करतो. मला तिच्यात वर्दीच दिसायला लागली.

त्या वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला. आमचं ग्राउंड काळ्या मातीचं, पाऊस पडला की बुटाच्या तळाला अर्धा-अर्धा किलो चिखल चिकटतो आणि पोट्टे हत्तीसारखे चालतात. म्हणून मी सगळ्यांना डांबरी रोडवर काढलं. आणि त्याच आठवड्यात जाहिरात लवकर येणार असं कळलं म्हणून आठवड्याचे चार दिवस होते ते सहा केले. दोन्ही गोष्टी एकदमच. आज लिहिताना हे वाक्य किती साधं वाटतं, तेव्हा मात्र मला वाटलं वा, काय मेहनत घेऊन राहिलो आपण.

आणि एक तिसरी गोष्ट माझ्या हिशोबातच नव्हती. सोयाबीनची सोंगणी सुरू होती. ती पहाटे माझ्याकडं पळायची, आठ वाजता घरी जाऊन चहा-टोस्ट खायची आणि दिवसभर शेतात. पुढं कापूस सुरू झाला, मग वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळं पोरगी दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून चालणार, वजन जसं वाढत जाईल तसं ते घेऊन चालणार. मी माझ्या वहीत लिहायचो, 'सोमवार ५ किमी'. त्या ओटीतला कापूस त्या वहीत नव्हता.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "सर, नडगी दुकून राह्यली."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, दुखल्याशिवाय भरती होत नाही.

हे वाक्य माझं नाही. ते मला मिळालेलं आहे. मी कबड्डी खेळायचो तेव्हा रात्रीचे सामने असायचे, हॅलोजनच्या उजेडात, मातीवर, चारी बाजूंनी लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेले. एका सामन्यात रेड मारून वळताना माझा पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात 'टक' असा आवाज आला, मला तर आलाच पण कोपऱ्यातल्या गड्यालाही ऐकू गेला असं तो आजही सांगतो. दोन तासांत गुडघा नारळाएवढा. आज मला माहीत आहे की असा आवाज, लगेच आलेली सूज आणि नंतर पाय टाकताना गुडघा सटकल्यासारखं वाटणं म्हणजे बहुतेक वेळा आतली लिगामेंट, एसीएल, तुटलेली असते. तेव्हा आमच्या उस्तादांनी क्रेप बँडेज करकचून बांधलं आणि म्हणाले, मर्द गडी आहेस का नाही. घरी आईनं आंबेहळदीचा लेप लावला, शेजारच्या गावच्या हाड बसवणाऱ्यानं तीन वेळा ओढून पाहिलं. मी बँडेज बांधून आणखी दोन सीझन खेळलो. त्या दोन सीझनमध्ये गुडघ्यातली गादी पण गेली. आता मी खताची बॅग उचलायला बसलो की उठताना काउंटरला धरतो. एवढं होऊनही मी पोट्ट्यांना तेच वाक्य देत होतो, म्हणजे सासूनं सुनेला छळावं आणि त्या सुनेनं पुढं सासू होऊन तेच करावं तसं.

तर वैष्णवी पळत राहिली. तिनं बाम लावला, मिठाच्या पाण्यानं शेकलं. महिन्याभरानं बापानं तालुक्याला नेलं, एक्स-रे काढला, काहीच नाही दिसलं. मी खूशच झालो. बघ, हाड ठणठणीत आहे. मेडिकलमधून दुखीची गोळी घ्यायची आणि ग्राउंडवर यायचं असं तिचं सुरू झालं, आणि गोळी खाऊन ती छान पळायची सुद्धा. एके दिवशी शंभर मीटरच्या स्टार्टला तिसऱ्या-चौथ्या पावलाला ती खालीच बसली. ओरडली वगैरे नाही. बसली, आणि दोन्ही हातांनी नडगी धरून माझ्याकडं पाहत राहिली. ती नजर मी काही विसरत नाही.

मग नागपूर, एमआरआय, साधारण एक क्विंटल कापसाचे पैसे त्यात गेले. स्ट्रेस फ्रॅक्चर. हाडांच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून विचारलं की तुम्ही कोच का, आणि मग न रागावता समजावून सांगितलं, जे खरं तर जास्त लागतं. म्हणाला, हाड म्हणजे काही सिमेंटचा खांब नाही, ते जिवंत आहे, रोज थोडं उखडतं आणि रोज भरतं. नवीन भार आला की आधी उखडायचं काम सुरू होतं, भरायचं काम मागून येतं. तुमच्याकडचा रस्ता कसा, आधी खोदून ठेवतात, डांबर महिन्यानं. त्या मधल्या काळात तुम्ही खोदलेल्या रस्त्यावरून दुप्पट ट्रक सोडले. मी म्हटलं पण एक्स-रेत तर काही नव्हतं. तो म्हणाला, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बहुतेक वेळा दिसतच नाही, पुढं हाड भरायला लागलं की तिथं रेघ किंवा गाठ दिसते. एक्स-रे साफ आहे म्हणजे पोरगी साफ आहे असं नाही.

आणि मग त्यानं मला ती गोष्ट दाखवली जी मी आज रोज वापरतो. तिला म्हणाला, बेटा, बोट ठेव, कुठं दुखतं. तिनं एक बोट ठेवलं. बरोब्बर एका जागी, नडगीच्या आतल्या कडेला. तो म्हणाला, नडगीच्या दुखण्यात पोरं दोन प्रकारची असतात. काही तळहात फिरवतात, इथून इथपर्यंत दुखतं, वीतभर, पळायला लागलं की दुखतं, गरम झालं की कमी होतं. तो हाडावरच्या आवरणाचा आणि स्नायूंचा ताण, त्याला भार कमी केला, पिंडऱ्या मजबूत केल्या तर बहुतेक वेळा जमतं. आणि जो एक बोट ठेवतो, दाबलं की दचकतो, एका पायावर उडी मारायला घाबरतो, रात्री झोपेतही ठणकतं म्हणतो, त्याला त्या दिवशीच थांबवायचं. नशीब म्हणजे तिचं आतल्या कडेचं होतं, ते सहसा भरून येतं. नडगीच्या पुढच्या धारेवर असतं तर काम अवघड होतं.

मला महिनाभर आधी ते बोट पाहता आलं असतं. काहीच खर्च नव्हता त्याला.

डॉक्टरनं सहा ते आठ आठवडे पळणं बंद सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'आराम'. आता डिसेंबरच्या तोंडावर कापसाच्या घरात आराम म्हणजे काय हे तुम्हीच सांगा. मी चौथ्या दिवशी त्यांच्या शेतात गेलो तर ही पोरगी ओटी बांधून वेचणीला. म्हटलं हे काय? तर तिची आई म्हणते, "पयनं तं बंद केलं ना सर, आता आरामच हाय तिले." त्या माउलीचं काहीच चुकलं नव्हतं, डॉक्टरनं पळू नको म्हटलं होतं, वेचू नको कुठं म्हटलं होतं? धुऱ्यावर बसून मी तिच्या बापाला तोच रस्त्याचा दाखला दिला. तो बराच वेळ बोलला नाही, तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "सर, तुमच्याच भरोशावर सोडलं होतं पोरीले." एवढंच. नंतर त्यानं तिला घरी कापूस साफ करायला बसवलं, आणि वेचणीला एक बाई जास्तीची लावली. तिच्या मजुरीचे पैसे मी उधारीच्या खात्यातून वळते केले, त्याला न सांगता. त्याला कळलं असणारच.

आणखी एक गोष्ट होती जी मला लिहायलाही जड जाते कारण आमच्याकडं गडीमाणूस हे बोलत नाही. डॉक्टरनं तिला पाळीबद्दल विचारलं होतं आणि ती माझ्यासमोर गप्प बसली. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, ती तिच्याशी बोलली. चार महिने पाळी नव्हती. पोरगी उलट खूश होती, म्हणे काकू बरंच झालं, प्रॅक्टिस बुडत नाही. आता हे ऐकून कोणत्याही कोचचे कान उभे राहायला पाहिजेत पण मला काय माहीत. नंतर वाचलं, डॉक्टरला फोन करून विचारलं, तेव्हा समजलं की खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी नको ती खाती बंद करतं, पाळी बंद, हाड भरणं मंद. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, म्हणजे खेळाडूच्या अंगात उरणारी ऊर्जाच कमी पडणं, आणि हे पोरांनाही होतं. आमच्या पोरीचं काय, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकर-चटणी, गुरुवार, चतुर्थी, श्रावणात सोमवार. भरती व्हावी म्हणूनच उपास धरलेले होते. देवाला मध्ये न आणता कसं समजवायचं? शेवटी बायकोनंच मार्ग काढला, उपास ठेव पण उपाशी राहू नको, शेंगदाण्याचा लाडू, दूध, केळी, राजगिरा चालतं ना उपासाला, मग पोटभर खा. इतर दिवशी पळून आल्या आल्या काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, वरण घट्ट पाहिजे, आणि अंडी. अंडी तिच्या घरी चालत नव्हती, ती आमच्या घरी येऊन खायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनही कमी निघालं, त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. दोन-अडीच महिन्यांनी पाळी आली तेव्हा बायकोनं मला नुसतं "झालं बरं का" असं सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि दोघंही दुसरं काहीतरी बोलायला लागलो.

त्या काळात ती ग्राउंडवर यायची मात्र रोज. हे मी मुद्दाम केलं. आमच्याकडं दुखापत झाली की पोट्टं घरी बसतं आणि घरी बसलं की सुटतं, पोरगी असेल तर पाहुणे यायला सुरुवात होते. तिला मी स्टॉपवॉच दिलं. आधी बसून, झोपून जे करता येतं ते, कंबर वर उचलणं, पोटाचं. चालताना दुखणं बंद झालं तशी सायकल. मग शाळेच्या ओट्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, आधी दोन पायांवर, मग एका पायावर, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा थोडा वाकवून, कारण पिंडरीचे दोन स्नायू वेगळे आहेत आणि आतला जो आहे, सोलियस, तोच पळताना जास्त राबतो. एका पायावर सलग पंचवीस झाल्याशिवाय पळायचं नाव काढायचं नाही असा मी नियम केला. बाजूला मिशीवाले दोन पोट्टे हसून राहिले होते, त्यांना म्हटलं या, करून दाखवा, एकाचे चौदा झाले आणि एकाचे अकरा.

आठ आठवड्यांनी डॉक्टरनं हो म्हटल्यावर पळणं सुरू केलं, तेही एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, एक दिवसाआड, ग्राउंडच्या कडेच्या कच्च्या वाटेवर. डांबरी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी दाबून बघायचं, दुखलं तर एक पायरी खाली. दोन वेळा खाली आलो. रडली एकदा. म्हणे सर माझी भरती गेली. गेलीच होती, ती भरती गेलीच.

तिच्यानंतर मी बरंच काही बदललं. ग्राउंडवर येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतो, काल शेतात काय केलं. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरलेल्या पोट्ट्याला मी टायमिंग लावत नाही. टायमिंग आठवड्यातून एकदाच. कबड्डीवाल्यांना वॉर्मअपमध्ये फुटबॉलवाल्यांचा फिफा इलेव्हन प्लस नावाचा प्रकार थोडा मोडून-तोडून घेतो, २००६ चा आहे, वीसेक मिनिटांचा, फारसं सामान लागत नाही, उडी मारून उतरताना गुडघा आत पडू द्यायचा नाही हे त्यात घटवून घेतात. त्यात एक नॉर्डिक म्हणून व्यायाम आहे, गुडघ्यावर बसायचं, मागून एकानं टाचा धरायच्या आणि सरळ अंगानं हळूहळू पुढं पडायचं, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी. पोट्ट्यांनी त्याचं नाव ठेवलं 'झाड पडलं'. पहिल्या आठवड्यात सगळी झाडं धाडकन पडतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला संडासला बसता येत नाही, म्हणून दोन-दोननं सुरू करायचं.

घोटा मुरगळला की आमचे पोट्टे समोरच्या टपरीवरून एक रुपयाची पेप्सी, म्हणजे पिशवीतली बर्फाची कांडी, आणून पायाला लावतात आणि मग वितळायच्या आत पिऊनही टाकतात. चालू द्या. बर्फ, आराम, पट्टी, पाय वर, हा फॉर्म्युला मिरकिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९७८ मध्ये मांडला आणि पुढं त्यानंच सांगितलं की बर्फानं आणि पूर्ण आरामानं भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. म्हणजे दुखणं कमी करायला थोडा वेळ लावा, पण चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर जीव जात असेल तर पेप्सी ठेवा बाजूला आणि एक्स-रे काढा.

सगळंच मला जमतं असंही नाही. कबड्डीच्या एका रेडरचं एसीएलचं ऑपरेशन झालं, तो पाचव्या महिन्यात म्हणे मी फिट आहे. मी त्याला नॉर्वेतल्या खेळाडूंवरचं २०१६ चं संशोधन सांगितलं, ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितकं पुढं ढकलाल, तितकं दर महिन्याला पुन्हा मोडायचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटत गेलं. एका पायावर लांब उडी मारायला लावली, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी यायला हवा, त्याचा सत्तरही येत नव्हता. तो म्हणाला सर, नॉर्वेत पोळ्याचे सामने होत नाहीत. आणि दुसऱ्या गावाकडून खेळला. बक्षीस बोकड होतं. बोकड मिळाला, गुडघा गेला. त्याचा फोन आला तेव्हा मी काहीच बोललो नाही, गाडी काढली.

वैष्णवीनं पुढच्या भरतीला आठशे २ मिनिटं ५६ सेकंदांत मारलं. ग्राउंड निघालं, लेखीत मेरिटला थोडक्यात राहिली. आता वनरक्षकची तयारी करते, तिथं पोरींना ३ किलोमीटर आहे, तिला ते जास्त जमतं. सकाळी ती नव्या पोरींचं सगळं बघते, पाळीचं विचारायचं काम आता तिच्याकडं आणि माझ्या बायकोकडं आहे, मी त्या वहीला हात लावत नाही.

मागच्या महिन्यात मात्र एक गंमत झाली. जाहिरातीची हवा परत सुरू झालेली. मी रांगेत उभं करून विचारलं, कुणाची नडगी दुखते, सात-आठ हात वर. म्हटलं बोट ठेवा. तर सगळ्यांनी तळहात ठेवला. एकजात सगळ्यांनी, वरून खालपर्यंत असा फिरवला. मला आधी बरं वाटलं, मग शंका आली. वैष्णवी बाजूला उभी राहून हसून राहिली होती.

"सर, पोट्ट्यायले माहीत झालं ना," ती म्हणाली, "बोट ठेवलं का तुम्ही बसवता, पंजा ठेवला का सोडता."

आता मी विचारत नाही. खाली बसतो, काउंटरला धरून उठायचा माझा गुडघा दुमडून, आणि एकेकाची नडगी अंगठ्यानं दाबत जातो, खालून वर. त्या दिवशी चौथ्या पोट्ट्यापाशी अंगठा थांबला आणि त्याचा पाय झटक्यात मागं गेला. तोंडावर मात्र काहीच नाही, सरळ समोर बघून राहिला होता.

"दुकत नाई सर," तो म्हणाला. "गुदगुल्या झाल्या."